डावा कप्पा, उजवा कप्पा

दातांच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात जिन्याखाली एक कोनाडा आहे. तिथं एक मोडकी छत्री आहे, एक लंगडं स्टूल आहे आणि त्या दोघांच्या मधे अंग चोरून बसलेली एक निळी, विटलेली बॅग आहे. मित्रांनो, ती बॅग म्हणजे मी. माझ्या चेनचे मधले पाच-सहा दात पडले आहेत. दातांच्या डॉक्टरांची बॅग आणि स्वतःच बोळकी, असं मदतनीस ताई येता-जाता म्हणते. म्हणू दे. तिचं खोटं नाही.

माझा जन्म एका शिवणकामाच्या कारखान्यात झाला. खरं तर मला कॅमेरे ठेवायला शिवलं होतं. म्हणून माझ्या पोटात मधोमध जाड पडदा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मऊ अस्तराचे दोन मोठे कप्पे आहेत. दुकानात मी वरच्या फळीवर होते. एक दिवस चष्मा लावलेल्या, घाईत असलेल्या एक बाई आल्या. त्यांनी मला खाली काढायला लावलं, दोन्ही कप्प्यांत हात घालून पाहिलं आणि पडदा चिमटीत धरून ओढून पाहिला.

"फोटो काढता का ताई?" दुकानदारानं विचारलं.

"नाही हो. दात काढते," बाई म्हणाल्या.

दुकानदारानं आपलं तोंड लगेच मिटून घेतलं. मला मात्र त्या बाई तेव्हाच आवडल्या.

जे लोक दवाखान्यापर्यंत येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी दवाखाना न्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं, कुणाला जिना उतरता येत नाही, कुणाला घराबाहेरच्या गर्दीची भीती असते. दात काही हे बघून दुखत नाहीत. म्हणून माझ्यात सगळं असायचं. कपाळावर बांधायचा दिवा, लाळ ओढून घेणारं लहानसं यंत्र, बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा, हातमोजे, आणि हत्यारांची पाकिटं.

ती पाकिटं नीट समजून घ्या, कारण माझी सगळी गोष्ट त्यांचीच आहे. एका बाजूनं कागद, दुसऱ्या बाजूनं काचेसारखी पारदर्शक. आत आरसा, सळई, घासायची टोकं. पाकीट यंत्रानं चिकटवायचं आणि दवाखान्यातल्या मोठ्या वाफेच्या कुकरात घालायचं. पाकिटावर एक गुलाबी खूण असते. वाफेत पुरेसा वेळ राहिली, की ती तपकिरी होते. तपकिरी झाली म्हणजे आतला एकही जंतू जिवंत नाही. मग ते पाकीट रुग्णाच्या समोरच फाडायचं, त्याआधी नाही.

माझ्या पोटातला नियम साधा होता. डावा कप्पा स्वच्छ वस्तूंचा, उजवा कप्पा वापरलेल्यांचा. डावीकडून निघालेली वस्तू परत डावीकडे जायची नाही. हा नियम डॉक्टरबाईंना माहीत होता, मदतनीस ताईला माहीत होता आणि मला माहीत होता. चौथ्या कुणाला माहीत असावा, असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.

सात वर्षं मी घरोघर फिरले. मला किती अंथरुणं ठाऊक आहेत म्हणून सांगू. एक निवृत्त पंच होते. ते तोंड उघडायच्या आधी शिट्टी वाजवायचे आणि दुखलं की पुन्हा वाजवायचे. एका पणजीबाईंनी डॉक्टरबाईंचं बोट चावलं आणि वर म्हणाल्या, "मीठ कमी आहे." मी दारात दिसले की घरातले म्हणायचे, "आली, बॅग आली." डॉक्टरबाई आल्या असं नाही, बॅग आली. मला वाटायचं, आपण फार महत्त्वाच्या आहोत. मित्रांनो, ओझं वाहणाऱ्याला कधीकधी असं वाटतं.

आता त्या दिवसाकडे येते.

मदतनीस ताईला ताप होता, म्हणून डॉक्टरबाई एकट्याच निघाल्या. दोन घरं होती. डाव्या कप्प्यात दोन पाकिटं, एकेका घराला एक. तिसरा संच दवाखान्यात धुवायला पडला होता.

पहिलं घर बाइंडर आजोबांचं. पन्नास वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली. शाळांची, ग्रंथालयांची, वकिलांची. आता दुकान बंद होतं, पण हात बंद होत नव्हते. घरातल्या पंचांगापासून औषधाच्या खोक्यापर्यंत सगळ्याला त्यांनी पुठ्ठा आणि कापड लावलं होतं. आजींना झटका येऊन वर्ष झालं होतं. उजवी बाजू गेली होती आणि सगळ्या शब्दांपैकी फक्त दोन शब्द मागे राहिले होते, "असू दे". जेवायला दिलं तरी "असू दे", सांडलं तरी "असू दे". आजोबा त्यातला फरक ओळखायचे.

"हे बघा, हे 'असू दे' म्हणजे उशी टोचतेय," ते म्हणायचे. आणि खरंच उशी टोचत असायची.

आजींच्या हिरड्या सुजल्या होत्या. डॉक्टरबाईंनी त्यांना कुशीवर वळवलं, म्हणजे पाणी घशात उतरून ठसका लागू नये. एका हातानं यंत्र, एका हातानं आरसा, कोपरानं उशी. आजोबा उभ्यानं घाबरत होते. त्यांना काहीतरी करायचं होतं आणि त्यांच्या करण्यासारखं काहीच नव्हतं. मित्रांनो, तो त्रास मला कळतो.

काम झालं. आजींच्या हिरडीतून थोडं रक्त आलं होतं, ते थांबलं. डॉक्टरबाईंनी हत्यारं तबकात ठेवली, हातमोजे काढले आणि त्या हात धुवायला आत गेल्या. तिथं सुनेनं त्यांना गोळ्यांबद्दल विचारायला थांबवलं.

आजोबा माझ्याजवळ आले. तबकातली हत्यारं त्यांनी पाहिली. शेजारी फाडलेलं पाकीट पडलं होतं. फाटलेला कागद पाहिला, की त्यांच्या बोटांना राहवत नसे. त्यांनी हत्यारं रुमालानं पुसली, पाकिटात परत घातली, फाटलेली कड कात्रीनं सरळ केली, दुमडली आणि खळ लावून दाबली. नखानं घडी अशी पक्की केली की मीसुद्धा बघत राहिले. मग त्यांनी माझा डावा कप्पा उघडला. पाकीट तिथूनच निघालेलं त्यांनी पाहिलं होतं ना. तिथं दुसरं पाकीट होतं. त्याची कड यंत्राची, जरा वाकडी. एक सरळ आणि एक वाकडी, हे पन्नास वर्षांच्या हातांना खपलं नाही. त्यांनी त्याचीही कड कापली, दुमडली, चिकटवली. दोन जुळी भावंडं शेजारी-शेजारी ठेवावी तशी दोन्ही ठेवली.

पलंगावरून आजी म्हणाल्या, "असू दे."

"झालंच गं," आजोबा म्हणाले. त्या एका वेळी मात्र त्यांना त्यातला फरक कळला नाही.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा तबक रिकामं, धुतलेलं, उपडं ठेवलेलं होतं.

"सगळं आवरून ठेवलंय हो तुमचं. एकदम नीट," आजोबा म्हणाले.

"कशाला त्रास घेतलात?"

"त्रास कसला. तुम्ही एवढ्या लांब येता."

डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं आणि माझी चेन ओढली. उजवा कप्पा उघडून पाहिला नाही.

मी ओरडले. म्हणजे, मी ओरडले असते. मला तोंड आहे, पण ते दुसऱ्यानं उघडावं लागतं. माझ्याजवळ बोलायची एकच रीत होती, ती म्हणजे वजन. दर वेळी पहिल्या घरातून निघताना मी उजवीकडे कलते, कारण वापरलेली हत्यारं उजवीकडे गेलेली असतात. त्या दिवशी मी डावीकडे कलले. स्कूटरवर पायांजवळ उभी असताना मी जीव खाऊन डावीकडे कलले. डॉक्टरबाईंनी गुडघ्यानं ढकलून मला सरळ केलं. पुढच्या वळणावर मी पुन्हा कलले.

"आज काय झालंय हिला," त्या पुटपुटल्या आणि पुन्हा गुडघा लावला.

दुसरं घर तिसऱ्या मजल्यावर. तिथं शाळेत गाणं शिकवणारी एक ताई आजारी होती. आजार रक्ताचा. औषधं इतकी कडक, की तिच्या अंगात जंतूंशी लढायला कुणी उरलं नव्हतं. साधी सर्दीसुद्धा तिला महागात पडली असती. त्यात तिची एक दाढ तुटली होती आणि तिची धारदार कड जिभेला कापत होती. जखम भरत नव्हती. आठ दिवस तिनं धड खाल्लं नव्हतं. दुपारी साडेचारला तिला न्यायला रुग्णालयाची गाडी येणार होती आणि मग महिनाभर ती एका बंद खोलीत राहणार होती. तिथल्या औषधानं तोंडातली जखम आणखी चिघळते, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. आजच्या आज ती कड घासून गुळगुळीत करा. काम दहा मिनिटांचं.

तिची सहा वर्षांची मुलगी उंबऱ्याबाहेर बसली होती. तिला घरात भिंगरी म्हणायचे, पण ती हलत नव्हती. आईजवळ जायचं नाही, असं तिला सांगितलं होतं आणि उंबऱ्याच्या आत ती एक बोटही टाकत नव्हती.

"डॉक्टरबाई, मी तुम्हाला एक वस्तू देऊ?" तिनं विचारलं.

"काय गं?"

तिनं मूठ उघडली. कागदाच्या पुडीत दुधाचा दात होता. "काल पडला. आईच्या दाताला तुकडा कमी पडला, तर हा लावा. माझा घट्ट होता, खूप दिवस पडतच नव्हता."

डॉक्टरबाई तिच्याजवळ वाकल्या. मग त्यांनी मला तिच्यापुढं धरलं. "माझे हात आता आईच्या तोंडाशी जाणार, मी घेत नाही. तूच ठेव. बाहेरच्या खिशात."

तिनं तो माझ्या बाहेरच्या खिशात ठेवला आणि वरून दोनदा थोपटलं. बाकी कुणी मला कधी थोपटलं नाही.

आत ताई उशांना टेकून बसली होती. डोक्याला रुमाल, ओठ कोरडे. तिची आई पदरात हात गुंडाळून उभी होती. डॉक्टरबाईंनी चादर पसरली, दिवा बांधला, चिमटा बोटाला लावला. माझा डावा कप्पा उघडला आणि एक पाकीट उचललं. कुठलं उचललं, मला माहीत होतं.

खूण पाहिली. तपकिरी. ती तपकिरीच असणार, कुकरातून ते एकदा गेलंच होतं. डॉक्टरबाईंनी कड चिमटीत धरली. मी माझ्या प्रत्येक टाक्यानं म्हणत होते, नको, नको, नको.

त्यांचं बोट थांबलं.

यंत्र पाकीट चिकटवतं तेव्हा कडेवर बारीक रेघा उमटतात, फणीच्या दातांसारख्या. इथं रेघा नव्हत्या. कड गुळगुळीत होती आणि इतकी सरळ होती, इतकी सुंदर सरळ, की यंत्राला ती जमलीच नसती. डॉक्टरबाईंनी पाकीट खिडकीच्या उजेडात धरलं. आतल्या आरशाच्या मानेवर एक वाळलेला लालसर ठिपका होता.

त्यांनी दुसरं पाकीट काढलं. तीच सरळ कड.

"आजोबा," त्या हळूच म्हणाल्या आणि पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"काय झालं?" ताईच्या आईनं विचारलं.

डॉक्टरबाईंनी खोटं सांगितलं नाही. "आधीच्या घरी पाकिटं उघडली गेली, एक तर वापरलेलं आहे, आणि मी पाहिलं नाही. चूक माझी," त्या म्हणाल्या.

"मी पाणी उकळायला ठेवते. खळखळून उकळते. त्यात टाकू आपण."

"एरवी कुणाला तेही चाललं नसतं, आई. हिला तर नाहीच."

"स्पिरिट आहे घरात. दहा मिनिटांचं तर काम, तुम्हीच म्हणालात."

"दहा मिनिटांचंच आहे. पण या हत्यारांनी करणार नाही."

"आठ दिवस पोटात काही नाही हो तिच्या."

डॉक्टरबाईंनी दोन्ही पाकिटं उजव्या कप्प्यात टाकली. ताईनं रुमाल तोंडाशी धरला आणि जीभ न हलवता दोनच शब्द काढले. "जा. या."

पावणेतीन वाजले होते. आम्ही धावत जिना उतरलो. डॉक्टरबाईंनी इतक्या जोरात स्कूटर चालवलेली मी कधी पाहिली नव्हती. दवाखान्यात तिसरा संच घासून, धुऊन, पुसून, पाकिटात घालून कुकरात गेला. कुकराचं झाकण बंद झालं आणि मग काहीच करायचं उरलं नाही. मित्रांनो, कुकराला घाई कळत नाही. त्याला आधी तापायचं असतं, मग वाफ धरायची असते, मग वाळवायचं असतं. डॉक्टरबाई त्याच्यापुढं उभ्या राहिल्या, घड्याळ बघत. मी टेबलावर उघडी होते, डावा कप्पा पुसून तयार.

"आणखी थोडा वेळ थांबवता येईल का गाडी?" त्यांनी फोनवर विचारलं. पलीकडून ताईची आई म्हणाली, "विचारलं मी. पाचपर्यंत पोचलं नाही, तर खोली दुसऱ्याला देतात."

चार वाजून पाच मिनिटांनी डॉक्टरबाईंचा हात कुकराच्या मुठीवर गेला. अजून दहा मिनिटं बाकी होती. आता उघडलं असतं तर गाडी निघायच्या आत पोचलो असतो. पाकीट ओलं राहिलं असतं, खूणही कदाचित तपकिरी झाली असती. कुणाला काही कळलं नसतं. मला कळलं असतं, पण मी कुणाला सांगणार.

हात मुठीवर तसाच राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि दोन्ही हात काखेत घालून उभ्या राहिल्या, जणू त्या हातांवर त्यांचा विश्वास नव्हता.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दाराला कुलूप होतं. माझ्या डाव्या कप्प्यात जगातलं सगळ्यात स्वच्छ पाकीट होतं, अजून कोमट.

शेजारच्या दारातून एक बाई डोकावल्या. "आत्ताच गेल्या की. भिंगरी पण आजीबरोबर गेली. मागच्या काचेतून रस्ता बघत होती."

डॉक्टरबाईंनी रुग्णालयात फोन केला. त्या बंद खोलीत बाहेरच्या कुणाला सोडत नव्हते. चार दिवसांनी ताईच्या आईशी बोलणं झालं. "जिभेची जखम वाढलीय. नळीतून देतात सगळं. अजून काही सांगता येत नाही," एवढंच ती म्हणाली. नंतर फोन लागेना. महिन्यानं त्या घरात दुसरे भाडेकरू आले होते.

पुढं काय झालं, मित्रांनो, मला माहीत नाही. बरी झाली असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण मी बॅग आहे. माझ्यात जे ठेवलं जातं, तेवढंच माझ्याजवळ असतं.

त्या दिवसानंतरच्याच आठवड्यात आम्ही बाइंडर आजोबांकडे गेलो होतो. डॉक्टरबाईंनी दारातच सांगितलं नाही. आधी आजींच्या हिरड्या पाहिल्या, मग आजोबांना समोर बसवून सगळं सांगितलं. दोष दिला नाही. "मी तुम्हाला सांगायला हवं होतं, डावं काय नि उजवं काय. आणि मी बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

आजोबा आपल्या बोटांकडे बघत राहिले. "जन्मभर फाटलेलं चिकटवलं," ते म्हणाले. "चिकटवल्यानं कुणाचं वाईट होईल, हे डोक्यातच आलं नाही."

पलंगावरून आजींनी डावा हात पुढं केला. "असू दे."

"नाही गं," आजोबा म्हणाले. "हे असू द्यायचं नाही."

त्यांनी मला एका दिवसासाठी मागून घेतलं. माझ्या उजव्या कप्प्यात त्यांनी लाल रेक्झिनचा खिसा शिवला, पुसता येईल असा. त्याला टपालपेटीसारखं तोंड केलं. वस्तू आत जाईल, पण हात घालून परत काढता येणार नाही. तळाची दोरी सोडल्याशिवाय तो उघडायचा नाही आणि दोरी फक्त दवाखान्यातच सोडायची. मग पुस्तकांच्या पाठीवर नावं उमटवायचे त्यांचे जुने ठसे त्यांनी काढले, गरम केले आणि माझ्या झाकणावर सोनेरी अक्षरांत दोन शब्द उमटवले: आधी विचारा.

त्यानंतर प्रत्येक घरात, चादर पसरण्याआधी, डॉक्टरबाई मला सगळ्यांसमोर उघडायच्या. "ही डावी बाजू, ही उजवी. मदत करायची असेल तर आधी मला विचारा. मी नक्की काहीतरी काम देईन." आणि खरंच द्यायच्या. कुणाला दिवा धरायला, कुणाला आजारी माणसाचा हात धरायला. घाबरलेल्या हातांना काम लागतं, हे त्यांना कळलं होतं. दोनऐवजी तीन पाकिटंही असायची. एकही पाकीट परत डावीकडे आलं नाही.

पण शिवण किती वर्षं टिकणार. गेल्या वर्षी माझी चेन गेली, पडदा फाटला. नवी बॅग आली, करड्या रंगाची, चाकांची. लाल खिसा चांगला होता, म्हणून आजोबांनीच तो उसवून तिच्यात शिवला. त्यांचे हात आता कापतात, तरी टाका सरळ आला. माझ्या उजव्या कुशीत टाक्यांची भोकं तेवढी उरली आहेत. सोनेरी अक्षरं अजून आहेत, पण जिन्याखाली उजेड नसतो.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजारी माणसाची काळजी घ्यायला आलं, तर तुमचे हात मदतीला धावतीलच. धावू द्या. फक्त वस्तूला हात लावण्याआधी तोंडानं विचारा. आणि तुम्ही मोठे होऊन अशी बॅग उचललीत, तर ती कुठल्या बाजूला कलते आहे, तेवढं बघा. आम्हाला दुसरं काही बोलता येत नाही.

माझ्यातलं सगळं नव्या बॅगेत गेलं, एक वस्तू सोडून. डॉक्टरबाईंनी बाहेरच्या खिशात हात घातला होता. पुडी काढली, उघडली नाही, हातात जोखली. मग परत तिथंच ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. ती वस्तू डाव्या कप्प्यातली नव्हती, उजव्यातलीही नव्हती.

त्या मुलीला आता पक्के दात आले असतील. जिन्यावर लहान पावलं वाजली, की मी अजून ऐकते. दुधाचा दात आहे माझ्याजवळ. घट्ट होता, खूप दिवस पडतच नव्हता. ज्याच्यासाठी दिला होता, ते काम माझ्याकडून झालं नाही. कुणी न्यायला आलं, तर मी तो अगदी नीट ठेवला आहे.